मॅनिफोल्डमधलं पाणी नेमकं कोणाला थंड करतं?

टर्बो असलेल्या गाडीचं बॉनेट उघडून नळ्यांचा माग काढत बसलं, तर काही इंजिनांत एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. कूलंटची एक नळी थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये किंवा थ्रॉटलच्या बुडाशी शिरते आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडते. सिलिंडरमध्ये जाणारी हवा ज्या धातूच्या वाटेने जाते, त्या वाटेच्या भिंतीला पाण्याचं अस्तर दिलेलं आहे. हे पाहून एक जण म्हणतो, टर्बोने तापवलेली हवा निववायची ही युक्ती आहे. दुसरा म्हणतो, नव्वद अंशांच्या पाण्याने हवा कसली निवतेय. ती नळी काढ, दोन टोकं एकमेकांना जोडून टाक, गाडीचा पिकअप बघ कसा वाढतो.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या इंजिनांबद्दल बोलत असतात आणि तेवढं सोडून बाकी सगळं बोलतात. हवा किती तापलेली आहे, पाणी कुठलं आहे आणि दोघांची गाठ पडायला जागा किती आहे, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. विचारलं की उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं, आणि ते टर्बोवाल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मालकांना आवडणारं नाही.

आधी हवा. टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. कुठलाच कॉम्प्रेसर शंभर टक्के कार्यक्षम नसल्यामुळे ती नियमाने तापायला हवी त्याहूनही जास्त तापते. कार्यक्षमता ७० टक्के धरून हिशेब मांडला, तर नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबावर नेताना १४५ अंशांच्या आसपास पोचते. दाब दीडपटच असेल तर साधारण १००. जड डिझेल इंजिनांसारखा अडीचपट असेल तर १८० ओलांडते. आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० अंश असताना दीडपट दाबलेली हवा जेमतेम ६० वर येते. एकच टर्बो, एकच इंजिन, पण हवा कधी ६० अंशांची, कधी त्याच्या दुप्पट.

पाण्याचं तसं नाही. इंजिनाचं पाणी थंड असतं हा मुळातला गैरसमज आहे. ते थंड राहू नये म्हणूनच थर्मोस्टॅट बसवलेला असतो. तो ८२ ते ९० अंशांच्या सुमारास उघडायला लागतो आणि चालत्या इंजिनात पाणी ८५ ते १०५ च्या दरम्यान फिरत राहतं. दाबाच्या झाकणामुळे शंभरी ओलांडली तरी ते उकळत नाही. इंजिन त्याहून गार ठेवलं तर तेल दाट राहतं, झीज वाढते, इंधन नीट जळत नाही. म्हणजे या पाण्याचं काम इंजिनाला गार करण्याचं नसून एका ठरावीक गरमीवर धरून ठेवण्याचं आहे. हवेच्या बाबतीतही ते हेच करणार. हवा ९० च्या वर असेल तर खाली ओढेल, खाली असेल तर वर ढकलेल.

आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नागपूरच्या उन्हात, दुप्पट दाबावर, मध्ये इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून निघालेली हवा निववणारी जाळी, नसेल तर १४५ ची हवा आणि ९० चं पाणी. इथे पाणी खरोखरच हवा थंड करू शकतं. दीडपट दाबावर १०० ची हवा आणि ९० चं पाणी. कोणी कोणाचं काही फारसं बिघडवत नाही. पुण्याच्या पहाटे ६० ची हवा आणि ९० चं पाणी. आता पाणी चक्क हीटर झालं. आणि ज्या गाडीत इंटरकूलर आहे, तिथे तर मॅनिफोल्डच्या दारात येणारी हवा आधीच थंड होऊन आलेली असते. ७५ टक्के परिणामकारक इंटरकूलर १४५ च्या हवेला ७० पर्यंत आणतो. तिच्या वाटेवर ९० अंशांची भिंत उभी करणं म्हणजे इंटरकूलरने केलेल्या कामातलं थोडं परत देणं.

मग कंपन्यांनी ही नळी ठेवली तरी का? याचं उत्तर टर्बोच्या आधीच्या काळात आहे. कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचे थेंब हवेत मिसळतात आणि बाष्प होताना हवेतली उष्णता शोषून घेतात. हवा एवढी गार होते की बाहेर पारा शून्याच्या बराच वर असतानाही दमट दिवशी कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. शिवाय थंड मॅनिफोल्डच्या भिंतीवर पेट्रोल ओघळत राहतं. एका सिलिंडरला जास्त जातं, दुसऱ्याला कमी. त्यामुळे मॅनिफोल्ड मुद्दाम तापवायचा असतो. अमेरिकी व्ही-८ इंजिनांत एक्झॉस्टचा गरम धूर मॅनिफोल्डच्या पोटातून खेळवायचे, फोक्सवॅगन बीटलमध्येही एक्झॉस्टच्या उष्णतेचीच सोय होती आणि पाण्याने थंड होणाऱ्या अनेक गाड्यांत हेच काम कूलंटकडे आलं. पुढे इंजेक्शन आलं, इंधन थेट व्हाल्व्हच्या तोंडाशी पडू लागलं, तरी थंडीत थ्रॉटल गोठू नये म्हणून त्याच्या बुडाशी पाणी राहिलं. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या गाडीला याची गरज आहे. मुंबईत अजिबात नाही, पण एकाच साच्यातून दोन्हीकडचे मॅनिफोल्ड निघतात.

आणखी एक कारण याहून साधं आहे. अनेक व्ही आकाराच्या इंजिनांत दोन्ही बाजूंच्या हेडमधून बाहेर पडणारं पाणी एकत्र आणून थर्मोस्टॅटपर्यंत न्यायचं असतं आणि त्याला जवळची वाट मॅनिफोल्डच्या ओतिवातूनच जाते. तिथे पाण्याला हवेशी काही देणंघेणं नसतं. ते नुसतं वाटसरू असतं. अशीच एक गफलत टर्बोबद्दलही होते. टर्बोच्या मधल्या भागाला पाण्याच्या नळ्या लावलेल्या दिसतात, त्यावरून टर्बो 'वॉटर कूल्ड' आहे, म्हणजे हवाही थंड होत असेल, असं पुष्कळांना वाटतं. ते पाणी बेअरिंगसाठी आहे, इंजिन बंद केल्यावर तिथलं तेल जळून कोळसा होऊ नये म्हणून. हवेला त्याचा काही उपयोग नाही.

इथपर्यंत तापमानाची गोष्ट झाली. पण नुसतं तापमान बघून चालत नाही, कारण हवेला भिंतीपाशी थांबायला वेळ कुठे आहे? चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कपात वाफाळत राहतो. चहा तोच, खोलीतली हवा तीच, फरक फक्त उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचा. मॅनिफोल्डमध्ये नेमका याच गोष्टीचा दुष्काळ आहे.

समजा दोन लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी, दुप्पट दाबावर धावतंय. ते सेकंदाला ढोबळमानाने १५० ग्रॅम हवा ओढतं. मॅनिफोल्डच्या चार नळ्या प्रत्येकी ४ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ३० सेंटिमीटर लांबीच्या धरल्या, तर आतली एकूण भिंत भरते ०.१५ चौरस मीटर. हवा त्या नळीतून सरासरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात निघून जाते. गुळगुळीत नळीतल्या वेगवान हवेची नेहमीची सूत्रं इथे लावली, तर हवा आणि भिंत यांच्या तापमानात जेवढं अंतर असेल त्याचा साधारण ९ टक्के भाग भरून निघतो. व्हाल्व्ह उघडझाप करतात, हवा ठोक्याठोक्याने वाहते, म्हणून हा आकडा थोडा वाढेल. दीडपट वाढला तरी १३-१४ टक्के. इंटरकूलर हेच काम ७० ते ८० टक्के करतो, कारण त्याच्या पोटात पातळ पत्र्याच्या शेकडो पाकळ्या असतात आणि त्यांचं क्षेत्रफळ मॅनिफोल्डच्या भिंतीच्या कितीतरी पट असतं.

हे ९ टक्के दोन्ही पक्षांना लावून बघू. इंटरकूलर नसलेल्या गाडीत १४५ ची हवा ९० च्या भिंतीजवळून गेली तर कमी होणार सुमारे ५ अंश. पाण्याच्या अस्तराने हवा थंड होते म्हणणारा तत्त्वतः बरोबर ठरला, पण १४५ ची हवा १४० झाली म्हणून इंजिनाचं ठोकणं, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, थांबत नाही. आता इंटरकूलरवाली गाडी घ्या. ७० ची हवा त्याच भिंतीजवळून जाताना वाढणार सुमारे २ अंश. हवेची घनता त्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. नळी काढून टाकली की गाडी सुसाट पळेल म्हणणाराही तत्त्वतः बरोबर, आणि त्याच्या पदरात पडणार अर्धा टक्का. शंभर अश्वशक्तीच्या गाडीत अर्धी अश्वशक्ती कुठल्या ड्रायव्हरला पायाखाली जाणवते, हे मला तरी कोणी दाखवलेलं नाही.

मजा अशी की हे अस्तर हवा सर्वांत जास्त तापवतं ते संथ गाडी चालवताना. हवा कमी, वेग कमी, म्हणजे भिंतीची पकड थोडी वाढते. इंटरकूलरनंतरची हवा ५० अंशांची असेल तर ती पाच-सहा अंशांनी सहज तापते. पण तेव्हा थ्रॉटल निम्मा मिटलेला असतो, टर्बो जवळजवळ निवांत असतो आणि इंजिन ठोकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट किंचित गरम, विरळ हवा ओढायला थ्रॉटल जरा जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद थोडी वाचते. थोडक्यात, अस्तर जिथे सर्वांत जास्त तापवतं तिथे त्याने सर्वांत कमी बिघडतं.

अस्तराच्या बाजूचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. काही जुन्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, एकाखाली एक असतात. तिथे इनटेकचा धातू एक्झॉस्टच्या धगीने पाण्याहूनही गरम होऊ शकतो, आणि मग नव्वद अंशांचं पाणी धातूला तरी वर जाऊ देत नाही. याच कारणाने पाणी काढून टाकल्यावर मॅनिफोल्ड थंड पडेल ही अपेक्षाही भाबडी आहे. अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड शेवटी सिलिंडर हेडलाच बोल्टने आवळलेला असतो आणि हेड तापलेलंच असतं. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे मॅनिफोल्ड आले, ते वजन आणि खर्च यांसाठी आले हे खरं, पण हेडची उष्णता हवेपर्यंत पोचू न देण्यात त्यांनी पाण्याची नळी काढण्यापेक्षा मोठी कामगिरी केली.

मग इंजिनाच्याच पाण्याने टर्बोची हवा थंड करणं हा सगळा खुळेपणाच होता का? मुळीच नाही. ट्रक, जनरेटर आणि आगगाडीच्या इंजिनांनी हेच अनेक दशकं केलं, आणि त्यातला एक मोठा अध्याय पुण्यात कोथरूडला घडला. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ ची. तिथून निघालेल्या मोठ्या इंजिनांपैकी 'एनटीए-८५५' हे नाव जनरेटरच्या धंद्यात असलेल्या कोणालाही ओळखीचं आहे. त्यातला 'टी' टर्बोचा आणि 'ए' आफ्टरकूलरचा, म्हणजे टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या जाळीचा. हा आफ्टरकूलर रेडिएटरसारखा समोर टांगलेला नसायचा. तो इनटेक मॅनिफोल्डच्याच घरात बसवलेला असायचा आणि त्यातून फिरायचं ते इंजिनाच्या वॉटर जॅकेटमधलं पाणी. पाण्याचं अस्तर असलेला मॅनिफोल्ड म्हणून लोक ज्याची कल्पना करतात, त्याचं हे खरंखुरं, कामाचं रूप.

ते चालायचं कारण वरच्या दोन्ही हिशेबांत आहे. एक तर या डिझेल इंजिनांत हवेचा दाब मोठा, त्यामुळे हवा १८० अंशांच्या आसपास तापलेली. दुसरं म्हणजे पाणी नुसत्या भिंतीत नसून पाकळ्यांच्या जाळीत होतं. ८० टक्के परिणामकारकता धरली तर १८० ची हवा ११० च्या घरात येते आणि घनता १८ टक्क्यांच्या आसपास वाढते. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, धूर कमी होतो, पिस्टन आणि व्हाल्व्ह यांवरचा ताप उतरतो. त्यासाठी वेगळा रेडिएटर नको, वेगळा पंप नको, समोर अवजड पाइप नकोत. खाणीत, धरणाच्या कामावर किंवा रुग्णालयाच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या यंत्राला हा साधेपणा फार मोलाचा.

आणि त्याला हीटर होण्याचाही फायदा मिळायचा. हलक्या भारावर टर्बो फारसा दाब देत नाही, हवा ५०-६० अंशांचीच असते, आणि आफ्टरकूलर तिला ८० च्या जवळ नेतो. डिझेल इंजिनाला हे हवंच असतं. थंड हवेत डिझेल उशिरा पेटतं, अर्धवट जळतं आणि पांढरा धूर येतो. म्हणजे भार जास्त असताना थंड करायचं आणि कमी असताना गरम करायचं, अशी दुहेरी नोकरी हे पाणी बिनबोभाट करत होतं. पेट्रोल इंजिनात जे दुखणं ठरतं तेच डिझेलमध्ये औषध ठरतं, हे या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही.

रेल्वेतही असंच. भारतीय रेल्वेने १९९९ पासून आणलेल्या आणि नंतर वाराणसीत बांधलेल्या डब्ल्यूडीजी-४ जातीच्या डिझेल इंजिनांत अमेरिकी ईएमडी कंपनीचं सोळा सिलिंडरचं ७१० मालिकेतलं इंजिन आहे. त्याच्या टर्बोमागच्या दोन्ही आफ्टरकूलरांना इंजिनाचंच पाणी जातं. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं होईपर्यंत कोकण रेल्वेच्या मार्गावर या जातीच्या इंजिनांचा वावर रोजचा होता. ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी घेऊन चढ चढताना त्यातली हवा थंड होत होती ती इंजिनाच्याच गरम पाण्याने.

ट्रकांमध्ये हा मार्ग संपवला तो कुठल्या चांगल्या कल्पनेने नव्हे, धुराच्या नियमांनी. हवा जितकी गरम, तितकी ज्वाला गरम, आणि ज्वाला गरम झाली की नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. अमेरिकेत १९९१ च्या ट्रकांसाठीचे नियम कडक झाले तेव्हा ११० अंशांची हवा परवडेना. वाहत्या वाऱ्याने थंड होणारा इंटरकूलर ४५ अंशांच्या उन्हातही १८० च्या हवेला सत्तरीत आणतो. त्या हवेची घनता मुळापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढते. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या इंजिनाच्या नावांतच हा इतिहास वाचता येतो. ६बीटी म्हणजे नुसता टर्बो, ६बीटीए म्हणजे टर्बो आणि पाण्याचा आफ्टरकूलर, ६बीटीएए म्हणजे टर्बो आणि हवेने हवा थंड करणारा. हेच इंजिन जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनू लागलं आणि पुढे मालमोटारींच्या अंगावर 'टर्बो इंटरकूल' ही अक्षरं दिमाखात मिरवू लागली.

पाण्याने हवा थंड करायची पण इंजिनाच्या पाण्याने नाही, ही तिसरी वाट त्याहूनही जुनी आहे आणि ती युद्धाने शोधायला लावली. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाला तीस हजार फुटांवर दम टिकवायचा होता. अभियंते स्टॅन्ली हूकर यांच्या हाताखाली मर्लिन ६० मालिकेत दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आला. टर्बो नव्हे, गिअरने फिरणारा, पण हवा तापायची तशीच. दोन टप्प्यांनी हवा इतकी तापायची की इंधन वेळेआधीच पेटून इंजिन फुटलं असतं. त्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. दोन टप्प्यांमधल्या वाटेच्या ओतिवालाच पाण्याचं अस्तर दिलं आणि दुसऱ्या टप्प्यानंतर, मॅनिफोल्डच्या तोंडाशी, जाळीदार कूलर बसवला. या दोन्हींतून फिरणारं पाणी इंजिनाच्या पाण्यापासून वेगळं ठेवलं. त्याचा पंप वेगळा, टाकी वेगळी आणि पंखाखाली रेडिएटरही वेगळा. १९४२ मध्ये हे इंजिन घेऊन स्पिटफायर मार्क नऊ हे लढाऊ विमान आकाशात झेपावलं. अस्तर आणि जाळी दोन्ही हाताशी असूनही त्या अभियंत्यांनी नुसत्या अस्तरावर भरवसा ठेवला नाही, आणि इंजिनाचं पाणी तर जवळही येऊ दिलं नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांना हे शहाणपण यायला वेळ लागला. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरने हवा थंड करण्याऐवजी तिच्यात पाणी आणि मेथनॉल फवारलं. बाटली रिकामी झाली की मालक वैतागायचे. पोर्शने १९७८ च्या ३.३ लिटरच्या ९११ टर्बोत मागच्या पंखाखाली वाऱ्याने थंड होणारा इंटरकूलर ठेवला आणि पुढे तोच रस्ता रूढ झाला.

वेगळ्या पाण्याची वाट फोक्सवॅगननेही धरली, २००७ च्या ९० किलोवॉटच्या १.४ टीएसआय इंजिनात. इथे कूलरची जाळी मॅनिफोल्डच्या पोटातच सरकवलेली आहे. त्याच घराण्यातलं १.० टीएसआय आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसतं. चाकणला बनणाऱ्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांत ते आहे. बीएमडब्ल्यूचं २०१५ चं बी-५८ हे सहा सिलिंडरचं इंजिनही याच पद्धतीचं. या गाड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये कूलंटच्या नळ्या जाताना दिसतात आणि त्या खरोखरच हवा थंड करतात, कारण ते कूलंट इंजिनातून आलेलं नसतं. त्याचा विजेवर चालणारा वेगळा पंप असतो आणि समोर वेगळा छोटा रेडिएटर. हे पाणी नव्वदीत नसतं, बाहेरच्या हवेपेक्षा थोडंसंच गरम असतं. टर्बोपासून व्हाल्व्हपर्यंतची वाट आखूड झाल्यामुळे पाय दाबल्यावर दाबही लवकर भरतो. कंपन्यांना खरा मोह याचाच होता.

तोटेही आहेत. पंप बंद पडला तर हवा तापते, इंजिनाचा संगणक ठिणगी मागे ओढतो आणि गाडी मंद होते, पण डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही. लांब घाटात सतत दाब मागत राहिलं की पाणी हळूहळू तापतं आणि उतरायलाही वेळ घेतं. वाऱ्याच्या इंटरकूलरला हे दुखणं नाही. त्याला मात्र गाडी उभी राहिली की वाराच मिळत नाही.

जहाजांनी या दोन्ही पाण्यांचं भांडण सर्वांत समंजसपणे सोडवलं आहे. मोठ्या सागरी आणि वीजनिर्मितीच्या इंजिनांत टर्बोतून हवा २०० अंशांच्या पुढे तापून निघते. अनेक इंजिनांत ती दोन पायऱ्यांनी थंड होते. पहिल्या पायरीला इंजिनाचं गरम पाणी, ज्याने हवा शंभरच्या आसपास उतरते आणि घेतलेली उष्णता दुसऱ्या कामाला वापरता येते. दुसऱ्या पायरीला वेगळं गार पाणी, जे तिला पन्नाशीच्या आत आणतं. हवा इतकी गार होते की दमट समुद्री वातावरणात तिच्यातलं पाणी सुटतं आणि ते सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून वाटेत गाळणी बसवावी लागते. नव्वद अंशांच्या पाण्याला त्याच्या लायकीचं काम दिलं की ते चांगलं करतं. आपल्या डिझेल गाड्यांतल्या ईजीआर कूलरमध्येही तेच पाणी कित्येक शे अंशांचा धूर थंड करतं आणि तिथे त्याला कोणी नावं ठेवत नाही.

ज्यांच्या गाडीत इंटरकूलर आहे आणि तरीही मॅनिफोल्डला किंवा थ्रॉटलला इंजिनाचं पाणी जातंय, त्यांनी ते हवा थंड करतंय या भ्रमात राहू नये, आणि ते काढून टाकायची घाईही करू नये. जोडणी चुकली तर पाणी गळतं, कुठेतरी हवा अडकते, आणि अर्ध्या टक्क्यासाठी हेड गॅस्केट जाऊ शकतं. स्क्रीनवर दिसणाऱ्या हवेच्या तापमानावरही आंधळा विश्वास नको. तो सेन्सर धातूच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असेल, तर तो हवेसोबत धातूचंही तापमान सांगतो. नळी काढल्यावर आकडा दहा अंशांनी उतरला याचा अर्थ हवा तेवढी उतरली असा होत नाही. खरंच बघायचं असेल तर बारीक तारेचे दोन प्रोब घ्या, एक इंटरकूलरच्या बाहेरच्या तोंडाशी आणि एक हेडजवळच्या नळीत मधोमध, भिंतीला न टेकवता. एकाच चढावर, एकाच दुपारी, नळी जोडून आणि नळी सोडवून मोजा. आणि मोजण्याआधी इंटरकूलरवर बसलेला चिखल आणि किडे धुऊन काढा, रबरी पाइपांचे क्लँप आवळा, टीएसआयसारखी गाडी असेल तर तिचा छोटा पंप फिरतोय का ते तपासा; यातून मिळणारे अंश त्या नळीतून मिळणाऱ्या अंशांपेक्षा जास्तच निघतील.